पहिली मूठ मालकाची

महिन्यातून एखादा तरी माणूस अजून माझ्या दुकानाच्या पायरीशी येऊन उभा राहतो. खांद्यावर दांडा मोडलेली कुदळ असते, नाहीतर पिशवीत मूठ निखळलेला विळा. तो शेजारच्या बंद शटरकडं बघतो, मग माझ्याकडं बघतो आणि हमीदभाई कुठं गेले म्हणून विचारतो. मी झेरॉक्सचं मशीन थांबवतो आणि ते वारले म्हणून सांगतो. मग तो कुदळ खाली ठेवतो, माझ्याच पैशानं चहा पितो आणि जाता जाता म्हणतो, "आता दांडा कोण बसवणार?" कळंबात दांडे बसवणारे आणखी तिघं-चौघं आहेत. त्यांतला एकही त्याला नको असतो, आणि खरं सांगायचं तर मलाही नको असतो.

हमीदभाई मूळचे जुन्नरचे. त्यांचे वडीलही हेच काम करायचे. पुणे-नाशिक रस्त्यावर गिऱ्हाईक जास्त म्हणून ते कळंबला आले आणि माझ्या दुर्दैवानं माझ्या शेजारचाच गाळा त्यांना मिळाला. दुर्दैवानं अशासाठी, की पुढची वीस वर्षं माझ्याकडं आधार कार्डाची झेरॉक्स काढायला आलेला माणूस आधी त्यांच्याकडं जाऊन बसायचा आणि तासाभरानं, आपण कशाला आलो होतो हे विसरून, घरी जायचा. बुटका, रुंद माणूस. दाढी मेंदीनं रंगवलेली, पण तीही एकाच बाजूनं नीट, कारण दुसऱ्या बाजूला कानामागं कायम पेन्सिल खोचलेली असायची आणि तिथं मेंदी लावायची राहायची.

त्यांची काम करायची पद्धत जगावेगळी होती. गिऱ्हाइकाला ते रंगाच्या पालथ्या डब्यावर बसवायचे आणि आपण बरोबर त्याच्यासमोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ, पाटावर बसायचे. दांडा गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचे आणि बघत राहायचे त्याच्या तोंडाकडं. हाताकडं बघायचेच नाहीत. "हात खोटं बोलतो, भाऊ. तोंडाला जमत न्हाई," असं त्यांचं म्हणणं. मग विचारायचे, "हाताला लागतंय का?" गिऱ्हाईक म्हणायचं, नाही. हमीदभाई मान हलवायचे, दांडा परत घ्यायचे, काचेच्या तुकड्यानं कुठंतरी दोनदा खरवडायचे आणि पुन्हा हातात द्यायचे. पुन्हा तोच प्रश्न. चौथ्या-पाचव्या वेळेला त्या माणसाचं तोंड आपोआप सैल व्हायचं आणि हमीदभाई म्हणायचे, "आता न्हाई लागत." म्हणजे आधीची चारही वेळा तो खोटं बोलला होता, हे त्यालाही तेव्हाच कळायचं.

आणि एक नियम, तो वडलांपासून आलेला. नव्या दांड्याला पहिली मूठ मालकाची. बनवणाऱ्यानं नवा दांडा मूठ वळून धरायचा नाही. हमीदभाई तयार दांडा दोन बोटांच्या चिमटीत, मेलेल्या उंदराची शेपटी धरावी तसा धरायचे आणि मालकाच्या हाती सोपवायचे. मालक आला नसेल तर दांडा मिळायचा नाही. मुलगा आला, भाऊ आला, घरचं कुणीही आलं तरी नाही. डोंगराकडची भातशेती करणारी माणसं जुन्नरच्या पार पलीकडून एसटीनं यायची, सगळं घर घेऊन, कारण प्रत्येकाचा विळा वेगळा. त्या दिवशी आमच्या बोळाला लग्नघराची कळा यायची आणि माझ्या दुकानात त्यांची म्हातारी माणसं आडवी व्हायची.

एकदा तर खरंच लग्न आलं. नवरदेव घोड्यावर, पुढं बँड, आणि त्याच्या हातातल्या कट्यारीची मूठ ऐन रस्त्यात निखळली. करवला पळत कट्यार घेऊन आला. हमीदभाईंनी दोन मिनिटांत मूठ बसवली आणि शांतपणे विचारलं, मालक कुठाय? करवल्यानं हात जोडले, माझ्याकडून वशिला लावून बघितला. काही उपयोग झाला नाही. शेवटी नवरदेव मुंडावळ्यांसकट घोड्यावरून उतरला आणि डब्यावर येऊन बसला. हमीदभाईंनी त्याच्या तोंडाकडं बघितलं आणि हाताला लागतंय का म्हणून विचारलं. तो नाही म्हणाला. "मग तोंड असं का?" त्यावर नवरदेवाच्या डोळ्यांत पाणीच आलं. सकाळपासून कुणी त्याला खायला दिलं नव्हतं. मग नसीमभाभींनी आतून चपाती आणि शेंगदाण्याची चटणी आणली, मी चहा सांगितला, बाहेर बँडवाल्यांनी तीच तीन गाणी पुन्हा वाजवली, आणि मुहूर्त गेला तो गेलाच. नवरीचे मामा अजून माझ्याशी बोलत नाहीत. चहा माझा होता ना.

नसीमभाभी म्हणजे हमीदभाईंच्या पत्नी. दुकानाच्या मागच्या खोलीत त्यांचं शिवणकाम चालायचं. कळंबातल्या निम्म्या बायकांचे ब्लाऊज त्यांच्याकडं. सडपातळ, उंच, बोलणं कमी आणि तेही कात्रीसारखं. नवरा-बायको घरात आपल्या बोलीत बोलायचे, पण भांडायचे मराठीत, शेजाऱ्यांची गैरसोय होऊ नये म्हणून.

आता विमानाचं सांगतो. भीमाशंकरच्या रस्त्याला पुण्याच्या एका इंजिनियरांचं शेतघर होतं. त्यांनी हौसेनं, नकाशे मागवून, घरच्या घरी दोन माणसांचं विमान बांधायला घेतलं होतं. सांगाडा झाला, पंख झाले, छोटं इंजिन आलं, आणि मग त्यांचे गुडघे गेले आणि मुलगी त्यांना परदेशात घेऊन गेली. जायच्या आधी त्यांनी गवत कापायच्या कोयत्याला दांडा बसवायला हमीदभाईंना बोलावलं होतं. हमीदभाई गेले ते संध्याकाळी टेम्पोत विमान घेऊन परत आले. पंख दुसऱ्या खेपेला आले आणि सगळं गाळ्याला लागून असलेल्या लांबलचक पत्र्याच्या खोलीत गेलं. त्या साहेबांनी जाता जाता सगळं यांच्या हवाली केलं होतं.

मी विचारलं, अहो, विमान कशाला? हमीदभाई म्हणाले, विमान कुणाला पायजे. मग त्यांनी मला सांगाड्याजवळ नेलं. शेजारी शेजारी दोन बसायच्या जागा होत्या आणि प्रत्येक जागेसमोर, मांड्यांच्या मधे येईल असा, एक दांडा उभा राहायचा होता. दोन्ही दांडे खाली एकाच आडव्या नळीला जोडायचे. एक हलवला की दुसरा हलणार. दांडा मागं ओढला की विमानाचं नाक वर, पुढं ढकलला की खाली, डावीकडं कलला की विमान डावीकडं कलणार. साहेबांनी दांडे तेवढे बसवलेच नव्हते. हमीदभाई त्या रिकाम्या जागेकडं असे बघत होते की मला त्यांना एकट्याला सोडून निघून जावंसं वाटलं.

"भाऊ, कुदळीला दांडा असतो तर पातं दोन वितीचं. हितं दांडा असा आन पातं बघा केवढं," ते म्हणाले. त्यांच्या लेखी इंजिन, पंख, शेपूट हे सगळं म्हणजे दांड्याला लावलेलं पातं होतं. पुढची दोन वर्षं त्यांनी बाकीचं विमान जमेल तसं पुरं केलं आणि जीव ओतला तो फक्त दांड्यांवर. लोखंडी नळी वाकवली, वर बाभळीची मूठ बसवली. खाली तारा, कप्प्या आणि तारा ताणायचे स्क्रू. दांड्यात कागदाच्या जाडीइतका प्ले, म्हणजे ढिलेपणा, राहिला तरी ते सगळं उकलून पुन्हा बसवायचे. नकाशांच्या मोठ्या झेरॉक्स मी काढून दिल्या. सूचना इंग्रजीत होत्या, त्या मी माझ्या दहावीच्या इंग्रजीवर मराठीत सांगितल्या. तरीही विमान उभं राहिलं, यात माझा काही दोष नाही.

पंखांच्या मागच्या कडेला, टोकाजवळ, बिजागरीवर हलणारी एकेक लांब फळी असते. तिला इंग्रजीत काय म्हणतात ते मला उच्चारता येईना, म्हणून आम्ही तिला कान म्हणू लागलो, बैलाला असतात तसे. नकाशात स्वच्छ लिहिलं होतं, दांडा डावीकडं केला की डावा कान वर गेला पाहिजे आणि उजवा खाली. उजवीकडं केला की त्याच्या उलट. सगळं विमान वळणार ते या कानांच्या जोरावर.

दोन जागांपैकी उजवी पाहुण्यांची. चहाला आलेल्या माणसानं आधी त्या जागेवर बसून दांडा हलवायचा आणि मगच त्याला कप मिळायचा. पहिला बसलो मी. मग सगळा तालुका बसला. हमीदभाई सवयीप्रमाणे समोर, विमानाच्या नाकाशी, हातात नकाशा धरून उभे राहायचे आणि बसलेल्याच्या तोंडाकडं बघायचे. "डावा," म्हणायचे. पाहुणा डावीकडं करायचा. हमीदभाई नकाशात बघायचे, कानाकडं बघायचे आणि खूष होऊन कानामागच्या पेन्सिलीनं खूण करायचे. मग आलाच प्रश्न, हाताला लागतंय का? आमचे एक माजी सरपंच बसले तर दांडा पोटाला अडला. हमीदभाईंनी तो पुढं वाकवून दिला. राजुरीचा एक द्राक्षबागाईतदार उंच, त्याच्या गुडघ्याला लागला, म्हणून परत सरळ केला. एका एसटी ड्रायव्हरनं बसल्या बसल्या हॉर्न कुठाय म्हणून विचारलं आणि हमीदभाईंनी आठवडाभर त्यावर खरोखर विचार केला. पाहुण्याला नाही म्हणणं त्यांना ठाऊकच नव्हतं. महिन्याभरात तो पाहुण्यांचा दांडा इतक्या वेळा वाकला आणि सरळ झाला, की नळी बदलावी लागली.

डाव्या जागेवर मात्र कुणाला बसू देत नव्हते. तिच्यावर पोपट छापलेली चादर टाकलेली आणि दांड्याच्या मुठीला ब्लाऊजपीसची पिशवी बांधलेली. ती जागा भाभींची. हे मला त्यांनी एकदाच सांगितलं, आणि तेही मी फार खोदून विचारल्यावर. लग्न झालं तेव्हा ते तिला जुन्नरहून लूनावर मागं बसवून घेऊन आले होते. मग एम-एटी आली, मग टेम्पो आला. "तिचा समदा जलम माज्या पाठीकडं बघत गेला," ते म्हणाले. "तालुक्यातल्या प्रत्येकाच्या हातात मी दांडा दिला. तिच्या हातात न्हाई दिला." एवढं बोलून ते तारेला ग्रीस लावायला लागले. मीही दुकानात आलो आणि कुणाचा तरी सातबारा उलटा छापून ठेवला.

म्हणजे विमान उडतं की नाही हा प्रश्न आमचा होता. त्यांचा प्रश्न एवढाच होता, की नसीम त्या जागेवर बसून पहिली मूठ धरणार की नाही. आणि ती बसत नव्हती. ज्या खोलीत विमान होतं ती खोली तिला शिवणकामाला कबूल केलेली होती, हे एक. पण तिचं उत्तर वेगळंच होतं. "कच्च्या शिलाईवर मी ट्रायल घेत न्हाई," असं भाभी शिलाई मशीनवरची नजर न हलवता म्हणायच्या. "पुरं झालं की बोलवा." हमीदभाई दर जुम्म्याला नमाजाहून आले की सांगायचे, पुरं झालं. त्या बाहेर यायच्या, एक फेरी मारायच्या आणि कुठंतरी लोंबणारी तार दाखवून परत जायच्या.

शेवटी पुण्याहून निरोप आला. त्या इंजिनियरांचे मित्र, हवाई दलातून निवृत्त झालेले सोहोनी साहेब, रविवारी विमान बघायला येणार होते. त्यांनी बरं म्हटलं तर जमिनीवर पळवून बघायचं, आणि मग पुढं परवानगीचे कागद करायचे. साहेब डाव्या जागेवर बसून इंजिन सुरू करणार, दांडा धरणार. म्हणजे पहिली मूठ साहेबांची. शनिवारी दुपारी हमीदभाई मागच्या खोलीच्या दारात जाऊन उभे राहिले. मी माझ्या दुकानातून ऐकत होतो, कारण मशीन बंद ठेवलं होतं.

"नसीम, उद्या साहेब धरतील. मग मी कुनाला तोंड दाखवू," ते म्हणाले. त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. नेहमी आपल्या नियमावर अडणारा माणूस मिनतवारीला आला की ऐकणाऱ्यालाच लाज वाटते. आतलं शिलाई मशीन थांबलं. भाभी गळ्यात टेप तशीच ठेवून बाहेर आल्या. चादर काढली, घडी घातली, बाजूला ठेवली आणि डाव्या जागेवर बसल्या. मी आपला शटरपाशी येऊन उभा. हमीदभाईंनी मुठीवरची पिशवी सोडली आणि आपल्या जागी गेले, समोर, नाकाशी.

पण भाभींनी मूठ धरली नाही. त्यांनी हात पुढं केला आणि आधी तो कागद द्या म्हणाल्या. नकाशा त्यांनी मांडीवर पसरला, विमानाचं नाक त्यात ज्या बाजूला होतं ती बाजू पुढं करून. मग टेपचं टोक दांड्याला अडकवून, हात न लावता, टेपनंच दांडा डावीकडं ओढला. डावीकडं बघितलं. उजवीकडं बघितलं. परत ओढला. मग टेप सोडवून गळ्यात घातली.

"बाह्या उलट्या लागल्यात," त्या म्हणाल्या.

हमीदभाई हसले. म्हणाले, समद्या तालुक्यानं बघितलंय. भाभी म्हणाल्या, तालुका तुमच्या तोंडाकडं बघत होता. "तुमी कागद समोरून वाचला. तुमचा डावा म्हंजी बसलेल्याचा उजवा. मी पहिल्या वर्षी दोन ब्लाऊजच्या बाह्या अशाच लावल्या व्हत्या. तवापासून बाईला आरशाकडं तोंड करून उभी करते आन मी मागं ऱ्हाते."

मी नकाशा बघायला गेलो. खरं होतं. दांडा डावीकडं गेला की उजवा कान वर जात होता. दीड-दोन वर्षं, शेकडो कप चहा, सरपंच, ड्रायव्हर, बागाईतदार, आम्ही सगळे तिथं बसलो होतो, दांडा डावीकडं करत होतो आणि समोर हमीदभाई खूष झाले की आपणही खूष होत होतो. कान कुठला वर गेला हे आमच्यातल्या एकानं मान वळवून बघितलं नव्हतं. सगळ्यांत आधी मी बसलो होतो, आणि नकाशाच्या झेरॉक्सही मीच काढल्या होत्या. साहेबांनी पुढं कधी हे हवेत नेलं असतं आणि डावीकडं वळायला गेले असते, तर काय झालं असतं हे माझ्या डोक्यात आलं. मी रंगाच्या डब्यावर बसलो.

हमीदभाई हळूहळू पंखाला वळसा घालून आले. त्या माणसाला मी आयुष्यात कधी गिऱ्हाइकाच्या बाजूला आलेलं बघितलं नव्हतं. ते भाभींच्या मागं येऊन उभे राहिले, त्यांच्या खांद्यावरून त्यांनी कागद वाचला. मग म्हणाले, "माजा दांडा परत आला." इतक्या वर्षांत एकही दांडा तक्रारीनं परत न आलेल्या त्या माणसाचे डोळे भरले होते. त्यांना हे म्हणायची वेळ यावी याचं मला इतकं वाईट वाटलं की मी चहा सांगितला, आणि तो कुणीच प्यायला नाही. भाभी तेवढ्या म्हणाल्या की बाही उसवता येते, रडायला काय झालं, आणि त्या स्वतःच पाना घेऊन खाली वाकल्या. तारांची टोकं उलटसुलट करायला दोन तास लागले. संध्याकाळच्या अजानीच्या आत, दांडा डावीकडं गेला की डावाच कान वर जायला लागला होता. पण डाव्या मुठीला अजून कुणाचाच हात लागला नव्हता. भाभी म्हणाल्या, साहेब बघून जाऊ देत, मगच पुरं झालं म्हणा.

दुसऱ्या दिवशी साहेब मोटारीतून उतरायच्या आत हमीदभाईंनी त्यांना सगळं सांगून टाकलं. कान उलटे होते, बायकोनं पकडलं, तुम्हाला परत जायचं असलं तर जा. सोहोनी साहेब उंच, पांढऱ्या मिशांचे, कडक. हसतील असं वाटलं नव्हतं, पण ते हसले. म्हणाले, ही चूक शिकल्यासवरल्या माणसांनीही केली आहे, आणि त्यांना पकडायला बायको नव्हती. मग त्यांनी तासभर एकेक तार, एकेक कप्पी तपासली. दांडा दोन बोटांनी हलवून प्ले बघितला आणि इतका कमी प्ले आपण कारखान्यातल्या विमानातही पाहिला नाही असं म्हणाले. हमीदभाईंनी माझ्याकडं बघितलं. आदल्या दिवसापासून पहिल्यांदाच त्यांचं तोंड सैल झालं होतं.

पळवून बघायला जागा हवी होती. आमच्याकडं सरळ, मोकळी, दगड वेचलेली जागा एकच, ती म्हणजे बैलगाडा शर्यतीचा घाट, वर चढत जाणारी मातीची धाव. निरगुडसरच्या बाजूचा एक घाट मिळाला. पंख काढून ट्रॉलीवर विमान तिथं नेलं, पंख पुन्हा लावले, आणि साहेबांनी पुन्हा सगळं तपासलं. आम्ही कुणाला सांगितलं नव्हतं. तरी निम्मा तालुका जमला होता. घाटावर नेहमी बोलणारे निवेदक माईक घेऊन तयार, आणि कुणीतरी विमानाच्या नाकाला भंडारा लावून गेलेलं.

तिथं साहेबांचा आणि हमीदभाईंचा वाद झाला. साहेब म्हणाले, आमच्याकडं रीत आहे, ज्यानं दांडा बसवला त्यानंच आधी विमानात बसायचं, म्हणजे तो नीट बसवतो. हमीदभाई म्हणाले, आमच्याकडं बनवणारा आधी मूठ धरत नाही, मालक धरतो. दोघंही आपापल्या बापजाद्यांच्या रीतीवर अडून बसले. घाटावरची चार म्हातारी माणसं पंच म्हणून आत आली आणि त्यांनी गोष्ट आणखी बिघडवली. भाभी एवढ्या वेळात डाव्या जागेवर जाऊन बसल्या होत्या, पदर खोचून, हात मांडीवर.

"अहो, खाली नळी एकच हाय ना?" त्या म्हणाल्या. "मग दोघं एकदम धरू. या हिकडं, माज्या बाजूला. जलमभर समोर बसलात."

साहेबांनी मिशी चोळली आणि चालेल म्हणाले. हमीदभाई उजव्या जागेवर बसले. पाहुण्यांच्या. साहेबांनी तीन अंक मोजले आणि दोघांनी दोन मुठी एकदम वळल्या. डावीकडं. डावा कान वर गेला. साहेबांनी स्वतः मान वळवून बघितला, मी बघितला, आणि मग अख्ख्या घाटानं बघितला. निवेदकांनी माईकवर जाहीर केलं की डावा कान वर आहे.

इंजिन कमीजास्त आणि बंद कसं करायचं ते साहेबांनी हमीदभाईंना दाखवलं आणि हुकूम दिला, इंजिन अर्ध्यावर ठेवायचं, सरळ पळवायचं, चाकं उचलायची नाहीत. इंजिन सुरू झालं आणि विमान घाट चढायला लागलं. पब्लिकला राहवेना. बैलांना देतात तशी आरोळी उठली, टोप्या उडाल्या, निवेदक सेकंद मोजायला लागले. मी घाटाच्या वरच्या टोकाला, जिथं मातीचा उंचवटा आहे तिथं, कडेला पोटावर पालथा पडलो होतो. विमान त्या उंचवट्यावर आलं तेव्हा मला चाकांच्या खालून पलीकडचा उजेड दिसला. भाकरीच्या जाडीइतका. एवढंच. पुढं ते गचकन बसलं, थोडं पळालं आणि थांबलं.

यावर आजही तालुक्यात दोन पक्ष आहेत. निम्मे म्हणतात उडालं, निम्मे म्हणतात उडी मारली. सोहोनी साहेबांनी वहीत चाकं जमिनीवरच होती असं लिहिलं, आणि लिहिताना ते माझ्याकडं बघत नव्हते. परवानगीचे कागद अजून फिरत आहेत. हमीदभाई पुढच्याच्या पुढच्या हिवाळ्यात झोपेत गेले. त्या मधल्या काळात मी त्यांना रोज बघत होतो, शेवटी दवाखान्यातही बघितलं. पण डोळे मिटले की मला ते दिसतात ते घाटाच्या वरच्या टोकालाच.

मी कपडे झटकत धावत गेलो तेव्हा इंजिन बंद झालेलं होतं आणि दोघंही उतरले नव्हते. मुठी तशाच धरलेल्या. हमीदभाईंची पंचाईत झाली होती. गिऱ्हाइकाचं तोंड नेहमी समोर असायचं, आणि आता ते शेजारी होतं, म्हणून त्यांना सगळी मान वळवून बघावं लागत होतं. दाढीची मेंदी न लागलेली पांढरी बाजू माझ्याकडं होती.

"हाताला लागतंय का?" त्यांनी विचारलं.

भाभींनी मुठीवर अंगठा फिरवून बघितला. ते मात्र तोंडाकडं बघत राहिले, एरवी कुणाकडंही बघायचे तसेच, सगळं खरंखोटं कळेपर्यंत.

"न्हाई लागत," त्या म्हणाल्या. "पन तुमी हात काढा बघू. मला एकटीला धरू द्या."

हमीदभाईंनी मूठ सोडली. हात कुठं ठेवायचे ते त्यांना कळेना, म्हणून पाहुण्यासारखे मांडीवर ठेवले. भाभींनी दांडा डावीकडं केला, मग उजवीकडं, मग परत डावीकडं. घाट उतरून लोक घरी निघाले होते, आणि वर त्या विमानाचे कान आळीपाळीनं हलत राहिले.